नावे दडवली कोणासाठी?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेट्यूसची भाजी पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांची नावे दडवली, हे २०२५मध्ये उघड झाले. २०२४च्या नोव्हेंबरात १५ राज्यांत ८९ जणांना या लेट्यूसमधून ई. कोलाय या जीवाणूची बाधा झाली, एक जण दगावला, नऊ वर्षांचा एक मुलगा मूत्रपिंडे निकामी होऊन मरणाच्या दारातून परतला. कारण सापडले तोवर दूषित भाजी बाजारात उरली नव्हती, हा प्रशासनाचा खुलासा. तो संतापजनक आहे. भाजी संपली, ती जिथून आली ते शेत आणि ते पाणी संपलेले नाही.

ई. कोलायच्या बाधेतून मूत्रपिंडे निकामी करणारा हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम मुलांना गाठतो तो असाच. ई. कोलायचा हा प्रकार गुरांच्या आतड्यात त्यांना अपाय न करता राहतो आणि शेणावाटे पाण्यात, पालेभाजीत, मांसात, कच्च्या दुधात उतरतो. मुलाच्या पोटात आधी मुरडा येतो, मग रक्ताचे जुलाब. आठवडाभरात जुलाब ओसरतात, आईवडिलांच्या जिवात जीव येतो आणि नेमके तेव्हाच मूल पांढरेफटक पडते, लघवी थांबते. जीवाणूचे विष मूत्रपिंडातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर उद्ध्वस्त करते. तिथे गुठळ्या धरतात आणि त्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी फाटतात. या विषावर उतारा नाही. प्रतिजैविकांनी ते वाढण्याचीच भीती. डायलिसिस करायचे, रक्त चढवायचे आणि वाट पाहायची. अशा आजारात कारण दडवणे म्हणजे पुढच्या मुलाचा बळी द्यायला मोकळे राहणे.

१९९३मध्ये अमेरिकेत 'जॅक इन द बॉक्स' या उपाहारगृह साखळीचे अर्धेकच्चे हॅम्बर्गर खाऊन ७००हून अधिक लोक आजारी पडले, चार मुले गेली. नाव चव्हाट्यावर आले, देश खवळला आणि पुढच्याच वर्षी हा जीवाणू असलेला गोमांसाचा खिमा विकणे बेकायदा ठरले. नाव कळल्याशिवाय कोणी सुधारत नाही.

आपल्याकडे रक्ती आव झालेल्या मुलाने काय खाल्ले, हे तरी कोण विचारते? भारतीय मुलांत हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमचा आणखी एक प्रकार बराच दिसतो. त्यात शरीरच 'फॅक्टर एच' या संरक्षक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. वेळीच ओळखले तर रक्तद्रव बदलून मूत्रपिंडे वाचवता येतात. या प्रतिपिंडांची तपासणी प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात झालीच पाहिजे. पालकांनीही जुलाब थांबले म्हणून निर्धास्त राहू नये. लघवी कमी झाली, चेहरा फिकुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.