मस्टरवरून नाव गेलं, लॉगिन राहिलं

संस्थेतून माणूस निवृत्त झाला की शाल, श्रीफळ, दोन भाषणं आणि एक ग्रुप फोटो होतो. मस्टरवरून नाव निघतं, कपाटाच्या किल्ल्या जमा होतात, लायब्ररीची पुस्तकं परत येतात. त्याचं लॉगिन मात्र नोकरीतच राहतं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या महाविद्यालयांची, पतसंस्थांची आणि छोट्या रुग्णालयांची सर्व्हरची कामं मी करते. नवं काम हातात घेतलं की आधी आस्थापना लिपिकाकडून कामावर असलेल्यांची यादी मागते आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमधल्या नावांशी ताडून बघते. ती जुळलेली मी अजून पाहिलेली नाही. एका ठिकाणी तर हयात नसलेल्या गृहस्थांच्या नावाने रोज सकाळी फीचं काउंटर उघडत होतं. का, तर ‘त्यांचा पासवर्ड सगळ्यांना पाठ आहे.’

लॉगिनची यादी म्हणजे आस्थापनेचीच नोंदवही. ती एका जागी असावी, संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात असावी आणि तिची मालकी कॉम्प्युटरवाल्याकडे नसावी, असं माझं म्हणणं आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी सॉफ्टवेअरवर आज एक रुपयाही घालावा लागत नाही. तिसरीवर सगळं अडतं.

एखादं मध्यम आकाराचं महाविद्यालय घ्या. ग्रंथालयात कोहा, अभ्यासक्रमांसाठी मूडल, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, वायफायचं वेगळं, फीचं वेगळं, पगाराचं वेगळं. प्रत्येकाची आपापली यादी, प्रत्येकाचा आपापला पासवर्ड. मग प्राध्यापक पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर लिहितात आणि कारकून मॉनिटरला पिवळी चिठ्ठी चिकटवतात. डिरेक्टरी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची एकच यादी सांभाळणारा सर्व्हर, असेल तर ही सॉफ्टवेअर स्वतःच्या यादीवर विसंबत नाहीत. कुणी नाव आणि पासवर्ड टाकला की डिरेक्टरीला विचारतात, हा माणूस आपला का? ती हो किंवा नाही सांगते. तिथे एक नाव बंद केलं की माणूस सगळीकडे बंद.

ही काही काल निघालेली टूम नाही. दूरसंचारवाल्यांनी १९८८मध्ये एक्स ५०० नावाचं भलंमोठं मानक केलं. ते लहान संगणकांना पेलेना, म्हणून मिशिगन विद्यापीठातल्या टिम हॉव्ज यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याची हलकी आवृत्ती काढली. तिचं पहिलं वर्णन १९९३मध्ये प्रसिद्ध झालं. तेच आजचं एलडॅप. त्यावर चालणारं ओपनएलडॅप हे मुक्त सॉफ्टवेअर १९९८पासून मिळतं. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीही हीच भाषा बोलते. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर नावाचं आणखी एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याने तर एलडॅपच्या पोर्टचा क्रमांकच नावात घेतलाय. इतकं सगळं हाताशी असून आपल्याकडे ‘एका पासवर्डात सगळं’ म्हटलं की दर माणशी दरमहा भाड्याची योजना घेऊनच कुणीतरी दारात उभा राहतो. दहा-पंधरा माणसांच्या संस्थेने खुशाल ती घ्यावी, स्वतःचा सर्व्हर पोसण्यात अर्थ नाही. दीडशे कर्मचारी आणि तीन हजार विद्यार्थी असतील तर मात्र गणित बदलतं.

पूर्वी हा सर्व्हर बसवणं कटकटीचं होतं. ज्या मशीनवर बसवला त्या मशीनच्या प्रकृतीशी तो बांधला जायचा. मशीन गेलं की बसवणाऱ्याला शोधत फिरा, आणि तो तोवर पुण्याला गेलेला असायचा. २०१३मध्ये डॉकर आलं आणि कंटेनर सर्रास झाले. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारा सगळा पसारा एका तयार इमेजमध्ये मिळतो, त्यातून कंटेनर उभा राहतो, आणि तो कसा चालवायचा हे एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल आणि बॅकअप जवळ असला की दुसऱ्या मशीनवर तीच डिरेक्टरी दुपारपर्यंत उभी राहते. तालुक्याच्या गावातल्या संस्थेला याचा फार मोठा आधार आहे.

पण याच सोयीमुळे काम उरकायची सवयही लागली. तासाभरात डिरेक्टरी चालू होते, एक लॉगिन करून दाखवता येतं, बिल लावता येतं. पुढचं कोण बघतो?

एका पतसंस्थेचा सोमवारी सकाळी फोन आला, काउंटरवर कुणाचंच लॉगिन होत नव्हतं. त्यांच्या कंत्राटदाराने रविवारी इमेजची नवी आवृत्ती चढवली होती. कंटेनर हा काढून टाकण्यासाठीच असतो. जुना मोडायचा, नवा उभा करायचा, ही त्याची रीतच. टिकवायचं ते बाहेर, व्हॉल्यूममध्ये ठेवायचं असतं. ओपनएलडॅपमध्ये टिकवायच्या अशा दोन जागा आहेत. एकीत माणसांच्या नोंदी असतात. दुसरीत सर्व्हरची मांडणी असते, म्हणजे कुणाला काय दिसावं आणि कुणाला काय बदलता यावं याचे नियम. या पठ्ठ्याने दोन्हीपैकी एकही बाहेर ठेवली नव्हती. नवी डिरेक्टरी कोरी करकरीत उठली होती आणि तिच्यात प्रशासकाच्या खात्याखेरीज कुणीच नव्हतं. नावं पगारपत्रकावरून पुन्हा भरता आली. पासवर्ड मूळ रूपात कुठेच साठवलेले नसतात, त्यामुळे ते परत आणायचा प्रश्नच नव्हता. एकेकाला टेबलाशी बोलावून नवा पासवर्ड घालून द्यावा लागला. बाहेर ठेवीदारांची रांग, आत कर्मचाऱ्यांची. अध्यक्षसाहेब मधून मधून येऊन विचारायचे, “मॅडम, आणि किती जण ऱ्हायले?”

दुसरा प्रकार जास्त फसवा. बहुतेक तयार इमेजमध्ये प्रशासकाचा पासवर्ड त्या छोट्या फाइलमध्ये लिहायची सोय असते. कंत्राटदार तिथे ‘अ‍ॅडमिन’ लिहून मोकळा होतो. पुढे कुणी शहाणा तो बदलतो, कंटेनर पुन्हा चालू करतो आणि निर्धास्त होतो. ती ओळ वाचली जाते ती डिरेक्टरी पहिल्यांदा तयार होताना. नंतर नोंदी व्हॉल्यूममध्ये असतात आणि जुनाच पासवर्ड चालू राहतो. फाइलमध्ये कितीही अवघड पासवर्ड दिसला तरी मी आधी जुना टाकून बघते.

तिसरा प्रकार एका रुग्णालयात पाहिला. सर्व्हरची फायरवॉल मोजके पोर्ट सोडून सगळं बंद असल्याचं छातीठोकपणे सांगत होती. मी बाहेर येऊन मोबाइलच्या इंटरनेटवरून विचारणा केली, तर ३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून डिरेक्टरीने उत्तर दिलं. डॉकर एखादं पोर्ट उघडतं तेव्हा लिनक्सच्या जाळ्याचे नियम स्वतः लिहितं आणि उबुंटूच्या नेहमीच्या फायरवॉलला वळसा घालतं. ओपनएलडॅप वेगळं सांगितल्याशिवाय निनावी विचारणाऱ्यालाही वाचू देतं, ती मांडणी कुणी बदललेली नव्हती. नर्सताईंचे मोबाइल नंबर, डॉक्टरांचे ई-मेल, कोण कुठल्या वॉर्डला, सगळं कुणालाही दिसत होतं. पासवर्डही साध्या पोर्टवरून उघडाच प्रवास करतो, जोवर टीएलएस या कूटलेखनाचं प्रमाणपत्र बसवून ते सक्तीचं केलं जात नाही. प्रमाणपत्र बसवूनही अनेक ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रमाणपत्र तपासू नका’ या चौकटीत टिक केलेली सापडते, कारण त्याशिवाय ‘कनेक्टच होत नव्हतं’. ही टिक दिसली की माझं डोकं फिरतं. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एखाद्या गावातल्या रुग्णालयाला कुणी तेवढा दंड करणार नाही हे मलाही कळतं, पण नर्सताईंचा नंबर कुणाच्या हाती लागावा हे ठरवायचा अधिकार कंत्राटदाराच्या आळसाला नाही.

इथवरच्या सगळ्यावर तांत्रिक उत्तरं आहेत आणि ती कामाची आवड असलेला कुणीही शिकू शकतो. खरं काम यादी भरताना सुरू होतं.

डिरेक्टरीत माणसाची नोंद करण्याचा जो सर्वसाधारण साचा आहे, त्यात आडनाव सक्तीचं आहे. आपल्याकडे काहींनी विचारपूर्वक आडनाव टाकलेलं असतं, काही जण आईचं नाव लावतात, दक्षिणेकडून आलेल्या काही विद्यार्थ्यांना आडनावच नसतं. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. उद्या हीच मुलं आपल्या याद्यांत येतील. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, कधी नावही बदलतं. नावावरून लॉगिन केलं की दर लग्नसराईनंतर दुरुस्त्या. म्हणून लॉगिन कर्मचारी क्रमांकावरून करावं, विद्यार्थ्यांचं कायम नोंदणी क्रमांकावरून. नाव हवं तितक्या वेळा बदलू दे. तेच नाव मराठीतही ठेवता येतं. एलडॅपमध्ये युनिकोड चालतं आणि नोंदीपुढे भाषेची खूण लावायची सोय १९९९पासून मानकातच आहे. निर्यात केलेल्या फाइलमध्ये आपलं देवनागरी नाव सांकेतिक अक्षरांचा गिचमिडा होऊन दिसतं. त्याला घाबरून नावं पुन्हा रोमनमध्ये टंकणारे महाभाग मी पाहिलेत. वाचणारं सॉफ्टवेअर तो गिचमिडा बरोबर उलगडतं.

आणि गेलेल्या माणसाची नोंद पुसू नये, बंद करावी. लिनक्सवर फाइलची मालकी नावाने नसते, आकड्याने असते. जुना आकडा नव्या माणसाला दिला की जुन्याच्या फायली आयत्या त्याच्या होतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या वापराच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपायच्या आहेत. त्यात दिसणारा क्रमांक कोणाचा, हे सांगता आलं नाही तर त्या जपून उपयोग काय?

एक आक्षेप रास्त आहे. सगळ्यांनी एकाच सर्व्हरला विचारायचं, तर तो बंद पडला की सगळी संस्था बंद. म्हणून दुसऱ्या मशीनवर चालती प्रत हवीच, आणि प्रत्येक सर्व्हरचा एक स्थानिक प्रशासक-पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात हवा. यावर खर्च करायची तयारी नसेल तर कामाला हातच लावू नये.

आता मालकीचं. “मस्टर माझ्याकडं, ते कॉम्प्युटरचं तेवढं तुम्ही बघा,” असं मला जवळजवळ प्रत्येक कार्यालयात ऐकावं लागतं. माझं उत्तर ठरलेलं असतं. भाऊसाहेब, रुजू झालेला माणूस तुम्हाला पहिल्या दिवशी कळतो, गेलेला शेवटच्या दिवशी. मला तो सहा महिन्यांनी कळतो, तोही वायफाय जड झालं म्हणून यादी तपासताना. मग यादी कुणाच्या हातात हवी? डिरेक्टरीत नाव चढवायला आणि बंद करायला साधं वेबपान पुरतं. लिपिकाला फक्त तेवढाच अधिकार द्यायची सोय डिरेक्टरीच्या नियमांत आहे. एका महाविद्यालयात आस्थापनेच्या ताईंनी हे पान घेतलं आणि महिन्याभरात माझ्यापेक्षा नेटकी यादी केली, कारण कोण रजेवर, कोण प्रतिनियुक्तीवर, कुणाची बदली स्थगित, हे त्यांना तोंडपाठ होतं.

त्याच ताईंनी मला तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची अडचण सांगितली. ते मस्टरवर नसतात, पण शिकवतात, मूडलवर गुण भरतात. सत्र संपलं की नेमणूक संपते, पुढच्या वर्षी नवं पत्र निघतं, कधी निघतही नाही. त्यांना कुणीतरी आपलं लॉगिन वापरायला देतं आणि मग गुण कुणी भरले याचा पत्ता लागत नाही. आम्ही त्यांच्या नोंदीत नेमणूकपत्रातली शेवटची तारीख घातली. त्या तारखेनंतर लॉगिन आपोआप बंद होतं, नवं पत्र निघालं की त्याच क्रमांकावर पुन्हा सुरू. बाह्य एजन्सीच्या सुरक्षारक्षकांचं आणि डेटा एन्ट्रीच्या मुलांचंही तसंच.

मग राहिला नो ड्यूजचा फॉर्म. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, भांडार, सगळ्यांच्या सह्यांना रकाने होते. त्यात ‘लॉगिन बंद केले’ असा एक रकाना हवा, आणि कार्यमुक्तीच्या आदेशाखाली ‘प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी’ म्हणून जी नावं येतात त्यांत डिरेक्टरी सांभाळणाऱ्याचं, एवढीच माझी मागणी होती. आदेशाचं लगेच झालं. फॉर्मचे गठ्ठे आधीच छापून पडले होते, म्हणून ते संपेपर्यंत रबरी शिक्का मारायचं ठरलं. शिक्क्यावर सही प्राचार्यांची की अधीक्षकांची, यावर मात्र तासभर चर्चा झाली.