आलेफ-बेथ आणि बाराखडी

तोरातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात धर्मवचने मुलांना शिकविण्याची जी आज्ञा आहे, ती शाळेला उद्देशून नाही, आईबापांना आहे. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना शिकवावे, असा तिचा आशय. कोकणातल्या बेने इस्राएलांनी ती शब्दशः पाळली. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते त्या काळातही मुखोद्गत 'शेमा' होता, आणि तो घरातच टिकला.

बंगळूरमधल्या मराठीभाषक ज्यू कुटुंबाला घराखेरीज आजही फारसा आधार नाही. या शहराशी त्यांचा संबंध जुना आहे. म्हैसूर रस्त्यावरच्या ज्यू दफनभूमीसाठी १९०४ साली महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी जागा दिली आणि तिथे सुभेदार सॅम्युएल नागावकर यांचे दफन झाले. आडनावातले नागाव अलिबागजवळचे, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. परंतु मुंबई-पुण्यासारखे सिनेगॉग (बेने इस्राएल त्याला बिनदिक्कत 'मशीद' म्हणत!) या मंडळींनी तिथे बांधले नाही. मुलांना हिब्रू शिकवायचे तर ते दिवाणखान्यात किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीच.

शिकवायचे कोणत्या भाषेतून, हा खरा वाद आहे. मुले इंग्रजी शाळेत जातात, शेजार कन्नड, पुस्तके इंग्रजी. तेव्हा हिब्रू अक्षराखाली रोमन अक्षर लिहावे आणि मोकळे व्हावे, असा युक्तिवाद केला जातो. तो सोयीचा आहे, पण शहाणपणाचा नाही. धर्माला हिब्रू पुरे, व्यवहाराला इंग्रजी पुरे, मग मराठी हवी कशाला, हा त्याचा न बोललेला उत्तरार्ध आहे.

अक्षरांपासूनच पाहावे. हिब्रूची मूळ बावीस अक्षरे व्यंजनांची. स्वर दाखविण्यासाठी अक्षराच्या खाली, वर वा पोटात टिंबे-रेषा देतात. बाराखडी घोकलेल्या मुलाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. काना, मात्रा, वेलांटी त्याच्या हाताखालून गेलेली असतात. 'श्वा' नावाची खूण पुष्कळदा आपल्या पायमोडक्या अक्षराचेच काम करते. 'शिन' या एकाच अक्षरावर टिंब उजवीकडे असेल तर श, डावीकडे असेल तर स. 'त्सादे'चा आजचा इस्रायली उच्चार लिहायला रोमन लिपीला दोन अक्षरे जोडावी लागतात. मराठी मूल 'चांगला' म्हणताना तो सहज करते. 'खेत' आणि 'आयिन' यांचे जुने कंठ्य उच्चार देवनागरीत नीट उतरत नाहीत, हे खरे. पण ते रोमनमध्ये तरी कुठे उतरतात?

शिवाय ही वाट कोणी नव्याने पाडायची नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी विद्या घेतली आणि बहुतेकांनी धर्म आपलाच ठेवला. असे शिष्य मिशनऱ्यांना क्वचितच भेटले असतील. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचली जाणारी हग्गादा १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासह निघाली, १८७४ साली पुण्यात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी वीसांहून अधिक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पूर्वजांच्या कथांवर कीर्तने रचली गेली, कारण कोकणातल्या श्रोत्याला अब्राहाम टाळ-मृदंगासह अधिक जवळचा वाटत असे. यातले कितीसे आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदले गेले? ख्रिस्ती मराठीला निदान एक प्रकरण मिळते. ज्यू मराठीची बोळवण तळटीपेत होते.

इस्रायलमध्ये, जिथे हिब्रू रस्त्यावरच मिळते, तिथे गेलेल्या बेने इस्राएलांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालविले. बंगळूरमध्ये मात्र मराठीला हिब्रूच्या आड येणारी मानायचे, हा विपर्यास आहे.

आणि घरच्या शिकवणीत नातवाच्या शेजारी बहुधा आजी असते. तिला प्रार्थना पाठ असतात, मालिद्याच्या ताटापुढे एलियाहू हन्नाबीचे नाव कसे घ्यायचे ते ठाऊक असते. हिब्रू अक्षरे येतीलच असे नाही. वहीत 'आलेफ'च्या खाली 'अ' असेल तर ती ओळीवर बोट ठेवून नातवाचा चुकलेला उच्चार दुरुस्त करते. तिथे रोमन अक्षर असेल तर ती उठून आत जाते.