आगगाडी आणि घुंगुरमाळ

वसुबारसेला आमच्या घरी गाय-वासराची पूजा होते. गाय पितळेची, वासरूही पितळेचे; तिसऱ्या मजल्यावर याहून अधिक गोधन मावत नाही. शेजारी एक जुनी घुंगुरमाळ ठेवतो, ती मात्र अस्सल! आमच्या घराण्यात पूर्वी बोरघाटातून बैलगाड्या हाकण्याचा धंदा होता, त्याची एवढीच खूण उरली आहे. गेल्या दिवाळीत माळेला हळदकुंकू वाहताना धाकट्या कन्येने विचारले, "बाबा, मग ते बैल गेले कुठे?"

"आगगाडीने खाल्ले," मी म्हणालो.

"पण आमच्या पुस्तकात तर रेल्वेमुळे देशाची भरभराट झाली असं लिहिलंय!"

निरांजनातली वात सारखी करीत सौभाग्यवती म्हणाल्या, "द्या आता उत्तर. कॉलेजात शिकवता ना?"

वाचकहो, 'गाडी रुळावर येणे' या वाक्प्रचाराचा अर्थ मराठीचा प्राध्यापक चुटकीसरशी सांगेल. रूळ कोणी आणि कशासाठी घातले, हे सांगताना मात्र त्याला घाम फुटतो. तरी प्रयत्न केला; तोच येथे मांडतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा चारशे पाहुणे होते आणि एकवीस तोफांची सलामी झाली. पण ती नुसती नांदी. खरे नाटक सह्याद्रीपलीकडे व्हायचे होते. तिकडे कापूस होता आणि तो लँकेशायरच्या गिरण्यांना हवा होता. लॉर्ड डलहौसीने त्याच वर्षीच्या टिपणात ही गोष्ट उघडपणे लिहून ठेवली आहे. विलायतेतल्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. उत्पन्न कमी पडले तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून. नफा जावयाचा, तोटा सासऱ्याचा!

बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. पंचवीस बोगदे खोदायचे होते. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते, आणि पटकीने त्यांतले पुष्कळ दगावले. ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ मध्ये इकडे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुरे करून घेतले. एप्रिल १८६३ मध्ये घाट गाडीसाठी खुला झाला.

आता आमच्या घराण्याकडे वळू. बोरघाटात बैलगाडीचा रस्ता झाला तोच मुळी १८३० मध्ये. त्याआधी पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे घाट चढत. म्हणजे आमच्या गाडीवानांनी आधी तांडेवाल्यांचा घास काढून घेतला होता! पुढे १८५८ पासून खाली खोपोलीपर्यंत आणि वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे होती, मधला घाट मात्र मोकळा होता. ती पाच वर्षे म्हणजे गाडीवानांची सुगी. खापरपणजोबांच्या वडिलांनी तेव्हा दोन जोड्या वाढवल्या, अशी घरातली कथा आहे. १८६३ मध्ये चारही जोड्या विकाव्या लागल्या. खापरपणजोबा मग स्टेशनावर मालाची चढउतार करू लागले, आणि त्यांचा मुलगा त्या पगारावर शाळेत गेला. बैल खाणाऱ्या गाडीनेच आमच्या घरात पाटी-पेन्सिल आणली.

जे घराचे, तेच देशाचे. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले आणि वऱ्हाडचा कापूस वेगाने मुंबईला येऊ लागला. त्यावर मुंबईच्या गिरण्या पोसल्या. जमशेटजी टाटांनी तर उलटा विचार केला. कापूस गिरणीकडे नेण्याऐवजी त्यांनी १८७७ मध्ये गिरणीच कापसाच्या प्रदेशात, नागपूरला उभारली. पण शेतकऱ्याचा भाव आता लिव्हरपूलच्या बाजारात ठरू लागला. भाडेही बहुधा असे, की बंदराकडे जाणारा माल स्वस्तात जावा आणि देशातल्या देशात जाणारा महागात.

सर्वांत मोठी हुकलेली गोष्ट वेगळीच आहे. जर्मनीत १८३५ मध्ये पहिली गाडी धावली ती इंग्लंडहून आणलेल्या इंजिनावर. पण दहा वर्षांच्या आत बर्लिनला बोर्झिगच्या कारखान्यात इंजिने तयार होऊ लागली. रूळ पाहिजेत म्हणून लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या, भट्ट्यांसाठी कोळशाच्या खाणी वाढल्या. आपल्याकडे रूळ आणि इंजिने विलायतेहून येत राहिली, त्यामुळे त्या मागणीवर भट्ट्या पेटल्या त्या तिकडे. जमालपूर-अजमेरला काही इंजिने झाली खरी; पण चित्तरंजनचे पहिले इंजिन बाहेर पडायला १९५० उजाडावे लागले. लोखंडी रस्ता तोच. मात्र त्यावर कोणाचा हुकूम चालतो, यावर त्याचे फळ अवलंबून असते.

हे सारे ऐकून कन्या म्हणाली, "म्हणजे पुस्तकात निम्मंच लिहिलंय."

"निम्मं आहे, पण खोटं नाही," मी म्हणालो.

त्या भाऊबीजेला आम्ही गाडीने ठाण्याला निघालो. खंडाळ्यापुढे मुली मोठ्याने बोगदे मोजू लागल्या. मध्येच धाकटीने विचारले, "बाबा, हे ज्यांनी खणले त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?"

मी काही बोलण्याआधी पुढचा बोगदा आला. अंधारात ती पुन्हा मोजू लागली.