धीर नको, भरपगारी रजा द्या

स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रीला ‘धीर धर’ असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. जणू रोग उलटण्याची भीती हा तिच्या मनाचा दुबळेपणा! या रोगाचा संप्रेरकांवर पोसणारा प्रकार 20 वर्षांनीही उलटू शकतो. गोळ्या 5 ते 10 वर्षे चालतात, दरवर्षीची तपासणी सुटत नाही. घरकामगार स्त्रीला तपासणी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पगारकपात. मग तपासणी टळते आणि भीती वाढते. पुण्याच्या मोलकरणींनी 1980 साली संप केला. 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी आजारपणाची रजा अद्याप मालकिणीच्या मर्जीवर! मोफत तपासणी आणि त्या दिवसाचा पगार, या मागण्यांसाठी कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतून संघटना उभी केली पाहिजे.