मेळघाटचे दार आणि प्रवेशाचे मोल

अभयारण्यांचे प्रवेशशुल्क वाढले की दोन ठराविक मते ऐकू येतात. जंगल फुकट राखता येत नाही, हे एक. निसर्ग ही कुणाची जहागीर नव्हे, हे दुसरे. मेळघाटपुरते पाहिले तर दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत.

१९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. त्याची खरी किंमत कोरकूंनी मोजली. बोरी, कोहा, कुंड ही गावे गाभ्यातून उठली. तेव्हा पर्यटकाने चार पैसे अधिक द्यावेत, यात अन्याय नाही. मात्र शुल्काने जंगलावरचा भार हलका होतो, हा भ्रम होय. भार आवरतो तो वाहनांच्या संख्येवरील मर्यादेने. नुसत्या शुल्कवाढीने आत जाणारी माणसे तेवढी बदलतात. मोटारवाला आत जातो आणि अकोल्याच्या शाळेची सहल नरनाळ्याच्या पायथ्याहून परतते.

शिवाय कर आणि शुल्क यांत भेद आहे. शुल्काचा मोबदला दिसावा लागतो. वन्यजीव कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची तरतूद केली, तीत लोकसहभागातून विकास हाही हेतू आहे. म्हणून वाढ खाजगी मोटारींवर व्हावी, विद्यार्थ्यांवर नको. आणि जमाखर्च सेमाडोह, हरिसालच्या ग्रामसभांत दरवर्षी वाचला जावा. ज्या मुलाने जंगल पाहिलेच नाही, ते उद्या जंगलासाठी का भांडेल?