विध्यर्थाचे गद्य

पेडगावहून पुण्यास शिकायला आलेल्या मुलीच्या पिशवीतली भाकरी दोन दिवस पुरते. पुढे भाड्याच्या खोलीत वरणभात तिचा तिनेच शिजवायचा असतो. तेव्हा हाताशी येते ते कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०). त्यात माप वाटी-चमच्याचे, आणि क्रियापदे ‘घालावे’, ‘परतावे’ अशी. सकाळच्या योगवर्गातही तोच सूर: पाठ ताठ ठेवावी, श्वास सावकाश सोडावा. आज्ञा आणि विनंती यांच्या मधला हा विध्यर्थ. मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आम्ही निबंध घेतो, ललित घेतो. हे गद्य मात्र वगळतो. ते उपयोगी आहे म्हणून, की (खरे तर) स्वयंपाकघरातले आहे म्हणून? शहरात दमूनभागून परतलेल्या एकट्या माणसाशी इतक्या अदबीने बोलणारे दुसरे गद्य अभ्यासक्रमात असल्यास ते आम्हांस जरूर दाखवावे.