घंटा नको, अर्धा तास द्या

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या विंगमधलं मांजर पाचव्या मजल्यावरून पडून मेलं. कबुतरावर झेप घेतली आणि गेलं. बाल्कनीला जाळी होती, पण ती कबुतरं बाहेर ठेवायला लावलेली नायलॉनची. मांजराला आत ठेवायला ती नव्हतीच. एका कोपऱ्यात ती कुरतडलेली होती, हे नंतर कळलं.

खाली जमलेल्यांत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, ‘मोकळं फिरू दिलं असतं तर खाली उतरायला शिकलं असतं.’ दुसरा म्हणाला, ‘बाल्कनीचं दार बंद ठेवायला काय झालं होतं?’ मी दुसऱ्या पक्षात होते. घरी येऊन मी आमच्या चिंगीसाठी बाल्कनीचं दार लावलं ते तीन महिने उघडलंच नाही.

तीन महिन्यांत चिंगी जाड झाली. पहाटे चार वाजता दार ओरबाडू लागली. चाटून चाटून तिने पोटावरचे केस घालवले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, ‘त्वचेला काही झालेलं नाही. हिला दिवसभर करायला काय असतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटत होतं, मी तिला वाचवतेय.

तेव्हापासून माझं मत असं आहे: मांजराला मोकळं सोडणारे आणि कोंडून ठेवणारे एकमेकांचे विरोधक नाहीतच. दोघंही एकच गोष्ट वाचवतात, स्वतःचा वेळ.

मोकळं सोडणाऱ्यांचा आवडता दाखला म्हणजे गावचं घर. ‘आजीकडे मांजरं मोकळीच असायची.’ होती ना! पण दर मे महिन्यात तिथे गेल्यावर वेगळीच मांजरं भेटायची, हे विसरलात? ‘बोका दोन दिवस आला नाही’ इथे विषय संपायचा. ते मांजराचं स्वातंत्र्य नव्हतं. आपण हिशोब ठेवत नव्हतो, एवढंच. शहरात तर खाली कुत्र्यांची टोळी आहे, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या आहेत, उंदरांसाठी ठेवलेलं विष आहे. आणि मांजर नुसतं मरत नाही, मारतंही. बुलबुल, चिमण्या, सरडे यांनी आपल्या हौसेची किंमत का मोजायची?

‘मांजर पायांवरच पडतं’ हीसुद्धा अर्धवट माहिती. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा एक अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यातली सुमारे ९० टक्के वाचली, असं अजूनही कौतुकाने सांगितलं जातं. पण ही दवाखान्यात आणलेली मांजरं होती. जी जागीच मेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? वाचलेल्यांतही छातीला मार, फुटलेले जबडे, मोडलेले पाय होतेच.

मग कोंडणं बरोबर? नाही. मांजर शिकारी प्राणी आहे. वास घेणं, दबा धरणं, ऊन-सावली निवडणं हे त्याचं जगणं आहे. दोन खोल्या आणि एक प्लास्टिकचा उंदीर एवढ्यावर ते भागत नाही. घरातच ठेवायचं असेल तर रोज खेळवा, चढायला उंच फळ्या लावा, खिडकीला पक्की जाळी बसवा. तेही करायचं नसेल तर ती सुरक्षितता नव्हे, साठवण आहे.

आता तिसरा गट, रीलवाल्यांचा. मांजराला पट्टा बांधून भर दुपारी फिरवायचं आणि वर सांगायचं, ‘मांजर मूळचं वाळवंटातलंच ना!’ पूर्वज वाळवंटातला हे खरं. पण तो रानमांजर उन्हाच्या वेळी सावलीत दडून राहतो. तुमच्या पट्ट्याला बांधलेल्याला ती मुभा नाही. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. ते तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ती गंमत नाही, धोक्याची खूण आहे: लगेच गारव्यात न्या, अंग ओलं करा, डॉक्टरांना फोन करा. चपट्या नाकाच्या, दाट केसांच्या पर्शियनला तर आपला उन्हाळा आणखी जड जातो.

चिंगीचं आता असं चालतं. लसी आणि नसबंदी आधीच झालेली. गळ्यात पट्टा नाही. छाती-पोटाला नीट बसणारा मांजरांचा हार्नेस. पहिले काही दिवस तो घरातच घातला. ती आडवी पडून राहिली, मग चालली. सकाळी सातच्या आत गच्ची, कारण संध्याकाळी ऊन उतरलं तरी स्लॅब तापलेलाच असतो. आधी मी हाताची मागची बाजू फरशीवर ठेवते. पाच-सात सेकंद टेकवता आला नाही, तर त्या दिवशी सुट्टी. सोबत पाणी, आणि घाबरली तर शिरायला तिची टोपली. कुंड्यांतली कण्हेर आणि लिली मी हलवायला लावली. दोन्ही मांजराला विषारी. घरी आल्यावर कानांमागे गोचीड, पिसवा बघायच्या. पट्टा कठड्याला बांधून फोन बघायचा नाही. पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या हातातच.

आणि तिला यायचं नसेल त्या दिवशी ओढून न्यायचं नाही. काही मांजरांना बाहेर नकोच असतं; त्यांना जाळीची खिडकी पुरते.

लोक हसतात. ‘मांजराला कोणी फिरवतं का?’ कुत्रा फिरवणाऱ्याला कोणी हसत नाही, कारण कुत्र्याला वेळ द्यावा लागतो हे आपण मान्य केलंय. मांजर मात्र आपण ‘तिचं ती बघते’ म्हणून घरी आणतो. सोय म्हणूनच आणतो, खरं सांगा. पण तिचं ती बघेल असं बाहेरचं जग आपण शिल्लक ठेवलेलं नाही, आणि आतलं जग तिला पुरत नाही. मधला अर्धा तास आपल्यालाच द्यावा लागेल. तो नसेल, तर मांजर आणू नका.

चिंगीच्या पोटावर केस परत आलेत. शेजारच्या विंगमधल्या त्या बाल्कनीला आता स्टीलची जाळी आहे. आत मांजर नाही.